आल्मेंद्रालेखो : एक मैदान, तीन क्लब

स्पेनला जायचं म्हटलं की यादी ठरलेली असते. माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिया, ग्रानादा. घरात कुणी फुटबॉलवेडं असेल तर रेआल माद्रिद किंवा बार्सिलोनाचं स्टेडियम आणि तिथल्या दुकानातला महागडा टी-शर्ट. आज मी तुम्हाला या यादीत कधीच नसलेल्या एका गावात नेणार आहे. इथला फुटबॉल क्लब एकेकाळी याच बड्या संघांविरुद्ध खेळायचा. आज तो क्लब अस्तित्वात नाही. त्याच्या जागी आलेला दुसरा क्लबही बंद पडला. तरी गावाने मैदानावर जाणं काही सोडलेलं नाही.

गावाचं नाव आल्मेंद्रालेखो. नकाशावर शोधताना एक लक्षात ठेवा. स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'ख'सारखा होतो, त्यामुळे शेवटचं 'खो' इंग्रजीत 'जे-ओ' असं दिसेल.

लाल मातीतलं गाव

स्पेनच्या नैर्ऋत्येला, पोर्तुगालच्या सीमेला लागून एक्स्त्रेमादुरा नावाचा प्रांत आहे. मोठे कारखाने कमी, शेती भरपूर आणि उन्हाळा असा की पारा सहज चाळिशी ओलांडतो. याच प्रांतातल्या बादाखोस जिल्ह्यात आल्मेंद्रालेखो वसलं आहे. लोकसंख्या साधारण ३३ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

गावाच्या नावात बदामाचं झाड आहे, पण आता आजूबाजूला दिसतात ते द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हच्या बागा. या भागाला 'तिएर्रा दे बार्रोस' म्हणतात. 'बार्रो' म्हणजे चिखल किंवा चिकणमाती. लालसर, ओल धरून ठेवणारी ही माती द्राक्षांना मानवते. 'कावा' ही स्पेनची प्रसिद्ध फेसाळ वाइन मुख्यतः दूरच्या कातालोनियात बनते, पण आल्मेंद्रालेखोलाही ते नाव वापरायची परवानगी आहे. गावाला त्याचा फार अभिमान आहे.

दुसरा अभिमान कवितेचा. होसे दे एस्प्रोन्सेदा (जन्म १८०८) आणि कवयित्री कारोलिना कोरोनादो (जन्म १८२०) हे स्पॅनिश साहित्यातले दोन मोठे कवी याच मातीतले.

आणि तिसरा अभिमान फुटबॉलचा.

१९९६ : गाव पहिल्या श्रेणीत

क्लब दे फुटबॉल एक्स्त्रेमादुराची स्थापना १९२४ सालची. जर्सी निळी आणि गडद लाल, अगदी बार्सिलोनासारखी. घरचं मैदान फ्रान्सिस्को दे ला एरा स्टेडियम. पुढची अनेक दशकं क्लब खालच्या श्रेणींत खेळत राहिला. १९९४ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत पोहोचला, आणि अवघ्या दोन वर्षांत, १९९६च्या उन्हाळ्यात, आल्बासेते संघाला प्ले-ऑफमध्ये हरवून थेट पहिल्या श्रेणीत, म्हणजे 'ला लीगा'त दाखल झाला.

याचा अर्थ काय, ते जरा डोळ्यांसमोर आणा. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा समोरच्याच्या. म्हणजे रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांना या द्राक्षमळ्यांच्या गावात यावंच लागणार! स्टेडियमची क्षमता ११ हजारांच्या आसपास आणि गावाची लोकसंख्या तेव्हा तीस हजारांच्याही आत. म्हणजे स्टेडियम भरलं तर गावातल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी तिथे असणारच.

नव्या हंगामासाठी बाहेरून खेळाडू आणले गेले. अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सकडून अनेक वर्षं खेळलेला गोलरक्षक कार्लोस नवारो मोंतोया त्यांपैकी एक. तरीही २२ संघांत क्लब १९वा आला आणि खाली घसरला. गंमत अशी की त्याच हंगामात सेव्हियासारखा मोठ्या शहरातला क्लबही खाली गेला. पण सेव्हियामागे लाखोंची वस्ती होती. आल्मेंद्रालेखोमागे द्राक्षांचे मळे होते.

शेजाऱ्यांचा लपंडाव

आल्मेंद्रालेखोपासून तीसेक किलोमीटरवर मेरिदा आहे. रोमन काळातलं हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथला क्लब म्हणजे आल्मेंद्रालेखोचा पक्का प्रतिस्पर्धी. आता हा योगायोग बघा. १९९५-९६ मध्ये मेरिदा पहिल्या श्रेणीत होता. तो खाली आला आणि एक्स्त्रेमादुरा वर गेला. पुढच्या वर्षी एक्स्त्रेमादुरा खाली, मेरिदा वर. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा उलट. सलग चार हंगाम या प्रांताचा एक संघ पहिल्या श्रेणीत होता, पण दोघे तिथे एकमेकांना कधीच भेटले नाहीत!

मेरिदाचा तो क्लब कर्जामुळे २००० साली बंद झाला. १९९९ नंतर या प्रांतातला एकही संघ पहिल्या श्रेणीत पोहोचलेला नाही.

इथे घडलेले प्रशिक्षक

१९९७ मध्ये एक्स्त्रेमादुराने एका तरुण प्रशिक्षकाला बोलावलं. त्याआधी वायादोलिद आणि ओसासुना या दोन क्लबांनी त्याला काढून टाकलं होतं. त्याने पहिल्याच वर्षी संघाला दुसऱ्या क्रमांकावर आणून पुन्हा वरच्या श्रेणीत नेलं. १९९८-९९ मध्ये संघ १७वा आला आणि रायो वायेकानोविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये हरून पुन्हा खाली गेला.

त्या प्रशिक्षकाचं नाव राफा बेनितेस. पुढे त्यांनी वालेन्सियाला दोनदा स्पेनचं विजेतेपद मिळवून दिलं आणि २००५ मध्ये लिव्हरपूलला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. दोनदा हाकलल्या गेलेल्या माणसाला पुन्हा उभं राहायला जागा मिळाली ती या छोट्या गावात.

घसरण

छोट्या क्लबचं गणित अवघड असतं. वर गेल्यावर चांगले खेळाडू हवेत, त्यांचे पगार मोठे. टीव्हीचे आणि जाहिरातींचे पैसे येतात, पण ते वरच्या श्रेणीत आहात तोवरच. खाली घसरलात की उत्पन्न एका उन्हाळ्यात आटतं, पगाराचे करार मात्र तसेच राहतात. मोठ्या शहरातला क्लब असा एखादा फटका सोसतो. गावातल्या क्लबला तेवढे प्रेक्षकही नसतात आणि तेवढे प्रायोजकही.

एक्स्त्रेमादुरा २००२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही खाली गेला. कर्ज वाढत राहिलं आणि २०१० मध्ये क्लब विसर्जित झाला. ८६ वर्षांचा संसार संपला.

पण गाव गप्प बसलं नव्हतं. २००७ मध्येच एक्स्त्रेमादुरा उनियोन देपोर्तिवा नावाचा नवा क्लब सुरू झाला होता. तेच मैदान, तेच रंग. तळापासून चढत २०१८ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. आर्सेनल आणि सेव्हियाकडून खेळलेला होसे आन्तोनियो रेयेस २०१९च्या जानेवारीत या संघात आला. १ जून २०१९ रोजी मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. तो अवघा ३५ वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी संघ खाली घसरला आणि जुनीच कहाणी पुन्हा सुरू झाली. थकलेल्या पगारांसाठी खेळाडू संपावर गेले. २०२२ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, हा क्लबही संपला.

गावाने काय केलं असेल? त्याच वर्षी तिसरा क्लब काढला! नाव ठेवलं क्लब देपोर्तिवो एक्स्त्रेमादुरा, आणि पुढे मुद्दाम साल जोडलं, १९२४. कागदोपत्री हा क्लब नवाकोरा, पण गावाच्या लेखी तो आजोबांचाच. सुरुवात प्रांताच्या स्थानिक लीगमधून झाली, पुन्हा त्याच फ्रान्सिस्को दे ला एराच्या मैदानावर.

मला या गोष्टीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. क्लब कर्जात बुडतो तेव्हा बुडते ती कंपनी. रविवारी आजोबांचं बोट धरून मैदानावर जायची सवय कुठल्याही ताळेबंदात लिहिलेली नसते, म्हणून तिच्यावर जप्तीही येत नाही. अर्थात, या सवयीच्या जोरावर पुन्हा पुन्हा उधारीची स्वप्नं बघावीत का, हाही प्रश्न आहेच. दोनदा हात पोळलेलं हे गाव आता तिसऱ्यांदा त्याचं उत्तर शोधतं आहे.

तुम्ही गेलात तर

मुक्काम मेरिदाला करा. तिथलं रोमन नाट्यगृह बघा आणि एक दिवस आल्मेंद्रालेखोसाठी ठेवा. रस्त्याने जेमतेम अर्धा तास लागतो. जुलै-ऑगस्टचं ऊन टाळा. फुटबॉलचा हंगाम साधारण सप्टेंबर ते मे चालतो, तेव्हा हवाही बरी असते.

गावात वाइनचं संग्रहालय आहे. मुलं सोबत असतील तर त्यांना इथले ऑलिव्ह खायला द्या. 'मिगास' हा शिळ्या पावाचा चुरा परतून केलेला पदार्थ आपल्या फोडणीच्या पोळीची आठवण करून देतो, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्या. त्यांच्यासाठी याच जिल्ह्यातलं 'तोर्ता दे ला सेरेना' हे मेंढीच्या दुधाचं चीज आहे. ते एका रानफुलाच्या अर्काने विरजतात.

आणि घरचा सामना असेल तर तिकीट काढून आत जाऊन बसाच. समोर कुणी जगप्रसिद्ध खेळाडू दिसणार नाही. शेजारी मात्र असा एखादा काका नक्की भेटेल, ज्याने याच मैदानावर रेआल माद्रिदला खेळताना पाहिलेलं असेल. त्याला फक्त १९९६बद्दल विचारा. मध्यंतर कधी संपलं, ते कळणारही नाही.