परतीची वाट

जुन्या गाडीतली वीज जाते तारेतून आणि परतते गाडीच्या अंगातून. दिव्याला जायची तेवढी तार पोचते. परतायला पत्रा असतो. मडगार्डाचा, छताचा, ज्यावर वैशाखात हात ठेववत नाही आणि श्रावणात थेंब थरथरत उभे राहतात तो सगळा पत्रा आतून मुकाट वाहत असतो, आणि ते सगळं वाहणं शेवटी एका काळ्या तारेपाशी येऊन बॅटरीत शिरतं. लाल तारेवर लोक टोपी चढवतात. काळीकडे कुणी पाहत नाही.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. कुर्ल्याला घडलेली, 1089 सीसीच्या इंजिनाची. या पावसाळ्यात ती सेल्फ घेईना. किल्ली फिरवली की दिवे विझत आल्यासारखे मंद होत, पुढून एक ‘टक्’ येई, आणि मग नुसता पाऊस ऐकू येई. बॅटरी नवी होती, मीटर 12.6 व्होल्ट दाखवत होता. वायरमनने दोन-तीनदा सेल्फ मारायला लावला, बॉनेटखाली वाकला आणि म्हणाला, “साहेब, चोकच्या केबलला हात लावा.”

केबल गरम होती.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. आमची पट्टी हिरवी पडून तिचे धागे एकेक करून तुटले होते. स्टार्टर सुरुवातीला दीडशे अँपिअर ओढतो. तेवढ्या ओढीत वाटेवरचा शतांश ओहमचा अडथळाही दीड व्होल्ट गिळून टाकतो. मोठी वाट अशी बुजली, तरी परतणं थांबलं नव्हतं. ते इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या चोकच्या बारीक केबलमधून, अंग चोरून, तिला पोळत येत होतं.

त्या उबेवर बोट ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. गणपतीला कोकणात जायचो ते जाणं मला लख्ख आठवतं, घाटातलं धुकं, मांडीवरचा लाडवांचा डबा, खिडकीतून आत येणारा ओल्या मातीचा वास, पहिल्या वळणाला आजोळचं नाव घेऊन केलेला ओरडा. परतणं मात्र आठवत नाही, कारण परतताना आम्ही मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर झोपलेले असायचो आणि पुढे, वायपरच्या त्या कुरकुरत्या लयीत, समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे डोळ्यांवर घेत वडील एकटे जागे असायचे.

त्यांना कुणी विचारलं नाही, दमलात का?

वायरमनने जुनी काळी तार सोलली तेव्हा तांबं आतपर्यंत काळवंडलेलं निघालं. मग 25 स्क्वेअर एमएमची नवी तार, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, आणि जिथे बोल्ट बसतो तिथे पॉलिश पेपरने घासणं. रंग गेला, गंज गेला, आणि रुपयाएवढा पत्रा असा उजळला की वाटलं, कारखान्यातून निघाल्यापासून त्याने उजेड पाहिलाच नसावा. विणलेली नवी पट्टी मी स्वतः आवळली. वरून ग्रीसचा हात फिरवला. शाळेत प्रवाह धन टोकाकडून ऋणाकडे शिकवला होता. खरे इलेक्ट्रॉन निघतात ते या काळ्या टोकाकडूनच. ज्याला आपण परतणं म्हणतो तिथूनच निघणं होतं.

किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. चोकची केबल थंड होती.

तुमच्या दारात अशी जुनी गाडी असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी बॉनेट उघडून काळ्या तारेची दोन्ही टोकं पाहा. सोडवताना ती आधी सोडवा, जोडताना सगळ्यात शेवटी जोडा. आणि इंजिनखालची ती विणलेली पट्टी बदलून घ्या. ती वरून दिसत नाही, वाकून शोधावी लागते.