तुझ्या घराजवळच ना?

आमची निम्मी टीम जर्मनीत बसते. त्यातला एकजण लग्नासाठी कोलकात्याला येणार होता. त्याने मला पुण्यात निरोप पाठवला, 'संध्याकाळी कॉफीला ये.' मुंबईहून कोलकाता रेल्वेने जवळपास २००० किलोमीटर आहे म्हटल्यावर त्याला वाटलं, मी टाळतोय.

त्यांना तरी काय बोलणार? आपण सगळेच जो सपाट मर्केटर नकाशा बघतो, त्यात विषुववृत्तापासून लांबचे देश ताणले जातात. जर्मनी ३.५७ लाख चौरस किलोमीटर आणि एकटा महाराष्ट्र ३.०८ लाख, हे त्या नकाशाकडे बघून कुणाला खरं वाटेल?

२६ मे २०२१ ला 'यास' चक्रीवादळ ओडिशात बालासोरजवळ धडकलं. लगेच हॅम्बुर्गच्या सहकारी बाईंचा मेसेज. 'तुझ्या घराजवळच ना? आईबाबा ठीक आहेत?' माझं घर चिपळूणला. समुद्र वेगळा, किनारा वेगळा, मधलं अंतर सरळ रेषेतसुद्धा १४०० किलोमीटरच्या वर. मी हसत हसत आईला सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, "विचारलंन तरी!"

जुलैच्या मध्यावर जर्मनीत आर नदीला भयंकर पूर आला. टीव्हीवर बातमी बघून आईचा फोन. "तुझ्या त्या बाईंना विचार, बऱ्या आहेत ना?" हॅम्बुर्ग तिथून जवळजवळ ४०० किलोमीटर लांब आहे, हे मी समजावायला लागलो. "विचारायला काय जातंय तुझं?" विचारलं. उत्तर आलं, 'आईंना सांग, मी कोरडी आहे.'

त्यानंतर आठवडाभरातच, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. घरचे दोन्ही फोन बंद. मी पुण्यात टीव्हीवर ओळखीच्या दुकानांच्या पाट्या पाण्यात बघत होतो. दुपारी हॅम्बुर्गहून नकाशाचा एक स्क्रीनशॉट आला. खाली एवढंच, 'इथे?' या वेळी पिन बरोबर चिपळूणवर होती. मी 'हो' लिहिलं. पुढे दोघांनाही काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कुणाच्या तरी फोनवरून सांगितलं, शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर आहोत, सुखरूप आहोत. ते मी आधी मामाला कळवलं आणि मग हॅम्बुर्गला.

कोलकाता आणि पुण्यातलं अंतर बाईंना अजूनही नीटसं सांगता येत नाही. पण पावसाळा लागला, की त्या मला भारतातल्या पावसाबद्दल विचारत नाहीत. विचारतात, 'वाशिष्ठी कशी आहे?' 'ष्ठी' काही त्यांना जमत नाही.