बाळाला तेल लावताना

महाराष्ट्रात बाळ-बाळंतीण घरी आली की दोन-चार दिवसांत चौकशी सुरू होते ती अंगाला लावणाऱ्या बाईची. ती येते, पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर कधी उताणं, कधी पालथं घेते, कोमट तेलानं चोळते, डाळीचं पीठ लावते, गरम पाण्यानं न्हाऊ घालते, आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दोन-तीन तास गाढ झोपतं. तिच्या हाताचं घरात कौतुक होतं, ते रास्तच आहे. तेलानं निसरडं झालेलं एवढंसं अंग पायांवर तोलून धरायचं, मान सांभाळायची, नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे कसब पुस्तकातून येत नाही. पण हे सगळं कशासाठी, असं विचारलं तर जे उत्तर मिळतं, ते मला पटत नाही. हाडं बळकट व्हावीत, पाय सरळ व्हावेत, डोकं गोल आणि नाक धारदार व्हावं म्हणून, असं सांगितलं जातं. नवजात बाळांच्या मालिशचं काम करताना आणि ते शिकवताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की मालिशचा लाभ हाडांना होत नाही. तो होतो त्वचेतून मज्जासंस्थेला, आणि ज्याचा हात फिरतो आहे त्या माणसालाही. हा लाभ पदरात पडायचा तर चोळणाऱ्या हाताला बाळ काय सांगतं आहे ते कळलं पाहिजे. म्हणून तो हात, जमेल तितका, आईचा आणि बापाचा असावा.

हाडांचा विषय आधी संपवतो. हाडं घट्ट होतात ती कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्वानं. ते जीवनसत्त्व अंगावरच्या दुधातून पुरेसं मिळत नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून देतात. गर्भात दुमडून राहिल्यामुळे बहुतेक बाळांचे पाय थोडे धनुष्याकृती असतात. साधारण दोन वर्षांपर्यंत ते आपोआप सरळ होतात आणि श्रेय मालिशला जातं. टाळू पुढच्या बाजूनं साधारण नऊ ते अठरा महिन्यांत भरते, तीही तेल थापल्यानं नव्हे, कवटीची हाडं वाढल्यानं. नाक ओढून लांब होत नाही. हे स्पष्ट बोलायला हवं, कारण हाडं घडवायची आहेत असं एकदा मनात धरलं की हात जड होतो आणि बाळ रडलं तरी थांबत नाही.

आता स्पर्शाकडे वळू. हॅरी हार्लो यांनी 1958मध्ये माकडांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग मांडले. दूध देणारी तारेची आई आणि मऊ कापड गुंडाळलेली दुसरी आई, अशा दोन आया पिंजऱ्यात ठेवल्या, तर पिल्लं दूध पिण्यापुरती तारेकडे जात आणि बाकी वेळ कापडाला बिलगून काढत. ते प्रयोग क्रूर होते, तरी जो खायला घालतो त्याच्यावर मूल माया करतं, ही तेव्हाची समजूत त्यांनी मोडली. पुढे ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग यांना दिसलं की उंदराच्या पिल्लाला आईपासून दूर केलं की त्याच्या वाढीशी निगडित रसायनं घटतात, आणि ओल्या कुंचल्यानं, आई चाटते तसं, त्याला घासलं की ती पूर्ववत होतात. हाच धागा धरून टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी 1986मध्ये अकाली जन्मलेल्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं अंगावरून हात फिरवायचा आणि हातपाय हलके वाकवायचे, एवढंच त्यात होतं. या बाळांचं वजन इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वेगानं वाढलं आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. या निष्कर्षातला महत्त्वाचा भाग असा की दोन्ही गटांतली बाळं दूध सारखंच पीत होती. मग वाढ कुठून आली? नंतरच्या कामातून जे उत्तर पुढे आलं, ते व्हेगस या मज्जातंतूकडे बोट दाखवतं. योग्य दाबाच्या स्पर्शानं तो जागा होतो, पोटाची हालचाल सुधारते, हृदयाचे ठोके शांत होतात आणि पोटात गेलेलं दूध अंगी लागतं.

इथे ‘योग्य दाब’ या शब्दांवर थोडं थांबतो, कारण कारागिरी तिथेच आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे झालेल्या संशोधनातून हे कळलं आहे की केसाळ त्वचेत, म्हणजे तळवे सोडून जवळपास सगळ्या अंगावर, काही संथ मज्जातंतू असे असतात की ते सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगानं फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार स्पर्शाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. वस्तूचा आकार किंवा खरखरीतपणा कळवणं हे त्यांचं काम नाही. स्पर्श सुखाचा आहे की नाही, हे ते कळवतात. आई-बापांना आपल्या बाळाच्या अंगावरून हात फिरवायला सांगितलं तर, काही न शिकवता, त्यांचा वेग याच टप्प्यात येतो. कृत्रिम हातावर फिरवायला सांगितलं की तो वाढतो, असंही दिसून आलं आहे. दुसरीकडे, फील्ड यांच्याच पुढच्या कामात अगदी पिसासारखा हलका स्पर्श बाळांना अस्वस्थ करतो आणि मध्यम दाबानं ती निवतात असं आढळलं. वरवर या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. हाताला मात्र त्यांचा मेळ घालता येतो. वेग संथ, पंजा पूर्ण टेकलेला, दाब इतकाच की त्वचा किंचित हलावी पण हात उचलल्यावर लाल वळ दिसू नये. गुदगुल्या करणारी बोटं आणि पीठ तिंबणारे अंगठे, दोन्ही टाळायचे.

या सगळ्यावर सर्वांत सबळ आक्षेप वैद्यकशास्त्राच्या आतूनच येतो. 2013मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सहा महिन्यांखालच्या, निरोगी बाळांच्या मालिशवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. पुष्कळ अभ्यासांची रचना कच्ची आहे आणि सुदृढ बाळांसाठी मालिशची सरसकट शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आढावा मी मान्य करतो. मालिशचे वर्ग आणि तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांनी ‘बुद्धी वाढते, उंची वाढते’ असले दावे करू नयेत. पण हा निष्कर्ष कोणत्या बाळांबद्दल आहे ते पाहा. जे बाळ दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर आहे, अंगावर पितं आहे, खांद्यावर झोपतं आहे, त्याला स्पर्शाची उणीवच नाही. त्याच्या वजनात मालिशनं आणखी काय भर पडणार? उणीव जिथे आहे तिथे फरक ठळक दिसतो. काचेच्या पेटीतलं अकाली बाळ हे त्याचं पहिलं उदाहरण. दुसरं आहे ते मन खचलेल्या आईचं. 2001मध्ये लंडनमधून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या नैराश्यातल्या आया त्यात होत्या. मालिशच्या वर्गाला गेलेल्या आयांचं बाळाशी वागणं, केवळ गप्पांच्या आधारगटात बसलेल्या आयांपेक्षा, जास्त सुधारलं. त्या वर्गात आया बाळाचे इशारे ओळखायला शिकत होत्या. लाभाचा मोठा वाटा तिथे असावा, असं मला वाटतं.

स्पर्शाला हालचालीचीही गरज नसते, हे तर आता मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978मध्ये एदगार रेय या डॉक्टरांनी, पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, अशक्त बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्यालाच आपण आता कांगारू पद्धत म्हणतो. 2021मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलो ते 1.8 किलोच्या आतली बाळं स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिली, तेव्हा 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. इथे चोळणं नाही, तेल नाही, एकही विशेष हालचाल नाही. अगदी लहान, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला फिरता हात सोसतही नाही. एक तळवा डोक्याशी, एक पायांशी, असे दोन्ही हात निश्चल ठेवून त्याला सावरून धरणं हीच त्याची मालिश असते. असं बाळ उघडं करून चोळलं तर ते गार पडतं, आणि गार पडणं त्याच्या जिवावर बेततं.

मग बाळ काय सांगतं, ते ओळखायचं कसं? टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी 1973मध्ये नवजात बाळाच्या वर्तनाची मोजपट्टी तयार केली, तेव्हापासून या खुणा नीट नोंदल्या गेल्या आहेत. डोळे उघडे, चेहरा सैल, हात तोंडाकडे, नजर तुमच्यावर, म्हणजे पुढे चला. नजर वळवणं, बोटं ताठ पसरणं, उचकी, शिंक, एकामागून एक जांभया, अंगावर चट्ट्यासारखा रंग उमटणं, पाठीची कमान करणं, म्हणजे थांबा. थांबायचं म्हणजे हात उचलायचा नाही. तो आहे तिथेच टेकवून ठेवायचा आणि वाट पाहायची. पुष्कळदा बाळ काही क्षणांत स्वतःला सावरतं आणि पुन्हा तुमच्याकडे पाहतं. आपण सांगितलेलं कुणीतरी मानतं, हे त्याला तिथे कळतं. माया जडण्याची सुरुवात, माझ्या मते, या थांबण्यातून होते. म्हणून ‘रडू दे, रडलं की छाती मोकळी होते’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. फुप्फुसं जन्मानंतरच्या पहिल्या श्वासांतच उघडलेली असतात. मालिशनंतर बाळ झोपतं हा पुरावा म्हणून पुढे केला जातो, पण रडून दमलेलं बाळही झोपतंच. निवून झोपलेल्या बाळाच्या मुठी सैल असतात आणि ते झोपेआधी काही वेळ शांत, जागं असतं. दमलेलं बाळ हुंदके देत, मुठी आवळूनच एकदम झोपेत बुडतं. हा फरक सकाळी घाईत असलेल्या बाईला दिसणं कठीण, रोजच्या माणसाला सोपं.

‘पिढ्यान्‌पिढ्या असंच चोळत आले, कुणाचं काय बिघडलं?’ हा प्रश्न घरोघरी येतो. ज्यांचं बिघडलं ते सांगायला उरले नाहीत, हे त्याचं कठोर उत्तर आहे. आजीच्या अनुभवाला मान देऊनही काही गोष्टी बंद झाल्याच पाहिजेत. नाकाकानात तेल सोडणं, कारण ते श्वासातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नवजात बाळाची छाती पिळून चीक काढणं, कारण त्यातून गळू होतं. आईच्या संप्रेरकांमुळे आलेली ती सूज न पिळता ओसरते. पाय धरून उलटं टांगणं, हवेत उडवणं. आणि निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकून दिलेली धुरी, कारण धूर कोवळ्या श्वासनलिकेला बाधतो, मग तो कशाचाही असो. तेलानं एवढं बिघडत नाही. मुंबईत सायनच्या रुग्णालयातून 2005मध्ये आलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशनं अकाली बाळांचं वजन खनिज तेलापेक्षा चांगलं वाढलं. आपल्याकडे खोबरेल घरात असतंच. मोहरीचं तेल त्वचेच्या संरक्षक थराला त्रास देतं असं प्रयोगांतून दिसलं आहे, ते टाळावं.

स्पर्शाला इतकं महत्त्व दिलं की दुसऱ्या टोकाचा धोका असतो, आणि तो मला खोटा वाटत नाही. सिझेरियन झालेली, तापानं फणफणलेली, किंवा जिचं बाळ तीन आठवडे अतिदक्षता विभागात होतं अशी आई हे वाचून म्हणेल, माझी तर वेळच निघून गेली. हा समज शास्त्रानंच एकदा पसरवला होता. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल यांनी 1970च्या दशकात, जन्मानंतरच्या पहिल्या तासांत जवळीक झाली तर बंध पक्का होतो असं मांडलं. त्यामुळे रुग्णालयांनी बाळं आयांजवळ ठेवायला सुरुवात केली, हे त्यांचं मोठंच काम. पण ती वेळ हुकली की सगळं हुकतं, हा भाग पुढच्या संशोधनात टिकला नाही. मॉन्ट्रियलमध्ये मायकल मीनी यांनी उंदरांवर दाखवलं की कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढवली, तर ती मोठेपणी ताण सोसताना दत्तक आईच्याच पिल्लांसारखी वागतात. म्हणजे कुणी जन्म दिला यापेक्षा रोज कुणी जवळ घेतलं, ते मोजलं जातं. दत्तक घेणाऱ्यांना हा मोठा आधार आहे. आणि बापालाही. आपल्याकडे सव्वा महिना बाप पाहुण्यासारखा बाळाला बघायला जातो. बाळंतीण माहेरी असेल तर तेवढंही नाही. संध्याकाळची दहा मिनिटं तेल लावायचं काम त्याच्याकडे दिलं तर बाळाच्या खुणा ओळखायला तोही शिकेल. ‘माझे हात कडक आहेत, मला जमणार नाही’ ही सबब ग्राह्य धरू नये.

राहिला प्रश्न त्या बाईचा. मालिश आई-बापांनी करावी म्हणताना तिला घराबाहेर काढा असं मी म्हणत नाही. टाके दुखत असलेल्या बाळंतिणीला पहिले काही दिवस वाकणं-उचलणं जमत नाही, तिच्या स्वतःच्या पाठीलाही कुणाचा तरी हात लागतो, आणि घरात आजी नसलेल्या शहरी कुटुंबात ही बाईच एकमेव जाणती असते. ‘अडाणी बायकांना काय शिकवणार’ हा सूर तर आपल्या राज्यात कधीच खोडून निघाला आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरगुती काळजी शिकवली, आणि 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं. 1999मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी त्यातूनच उभ्या राहिल्या. घरोघरी तेल लावणाऱ्या बायका मात्र या सगळ्या शिकवणीबाहेर राहिल्या, जरी बाळाच्या अंगाला त्यांच्याइतका कुणाचाच हात लागत नाही. प्रसूतिगृहांनी आपल्या परिसरातल्या या बायकांना बोलावून दोन दुपारी शिकवायला हवं: खोली गरम करणं, नखं कापणं, काय बंद करायचं, बाळ ‘थांब’ कसं म्हणतं. आणि घरच्यांनी तिला ठरलेल्या पैशांत कपात न करता सांगावं की पहिला आठवडा तू लाव, दुसऱ्या आठवड्यात शेजारी बसून आम्हाला लावायला शिकव, तिसऱ्यापासून आम्ही लावू आणि तू न्हाऊ घाल.