भिंत कुठे संपते?

जामसांवलीला गेलो तो आईच्या हट्टापायी. मेहुणा नागपूरला असतो, त्यामुळे राहण्याची सोय होती. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने सौंसरच्या बाजूला हे गाव लागतं. इथला हनुमान पिंपळाखाली निजलेला आहे. उभा, उडणारा, हात जोडलेला मारुती आपण पाहिलेला असतो. आडवा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. गोव्याहून एवढ्या लांब, मध्य प्रदेशात, २०२३ साली नव्याने झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, कानांवर मराठी पडते याचंही अप्रूप वाटलं. असो. लिहायचं आहे ते निराळ्याच गोष्टीवर.

दर्शन झाल्यावर मेहुण्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेत आमचं जेवण होतं. जानेवारीचे दिवस. मृग बहाराची फळं झाडांवर होती आणि रानडुकरं, माकडं यांच्यापासून ती राखायची होती. घरातले म्हातारे काकाजी राखणीची झोपडी बांधत होते. जेवणाला अवकाश होता म्हणून मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

झोपडीचा आकार पाहून नवल वाटलं. आडवं पिंप मधोमध कापून जमिनीवर उपडं घालावं, तशी ती होती. खांब नाहीत, वासे नाहीत, आढं नाही. समोरासमोर खड्ड्यांच्या दोन ओळी. बांबूचं जाड टोक खड्ड्यात रोवायचं, समोरच्या खड्ड्यात दुसरा बांबू, आणि दोघांना वाकवून शेंडे माथ्यावर एकमेकांवर घेऊन बांधायचे. झाली एक कमान. अशा सात कमानी.

"काकाजी, सरळ खांब रोवून वर पत्रे टाकले असते तर सोपं नसतं?"

"टाकले होते ना भाऊ. वादळानं टिनं उडवले, दोन वावरं पल्याड सापडले. वाऱ्याले धराले कोपरा पायजे. इथं कोपराच नाही."

मला राहवेना. बाह्या सरसावून मीही एक बांबू घेतला आणि कडाडकन मोडला! काकाजी रागावले नाहीत. "हिरवा बास वाकते, पण त्याच्या चालीनं. घाई केली का मोडते." मग त्यांनी बांबूला गुडघा लावून थोडं वाकवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं वाकवायचं, हे करून दाखवलं. दुसरा बांबू मला साधला. कमानींवर आडव्या कमच्या बांधल्या. बांधायला सुतळी होती आणि पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेला वाकही होता. वरून ताडपत्री आणि गवत यायचं होतं. मागची बाजू तुराट्यांच्या कुडाची, वर शेणमातीचा हात.

सांगाडा उभा राहिल्यावर काकाजी म्हणाले, "लटका." मी दचकलो. वजन माझं पंचाहत्तर किलो. दोन्ही हातांनी मधली कमान धरून पाय उचलले. ती किंचित दबली, एवढंच. वाकवलेला बांबू सरळ व्हायला बघतो, जमीन त्याला सोडत नाही. आणि वरचा भार कमानीवरून घरंगळत दोन्ही बाजूंनी मातीत उतरतो. तसाच लटकलेला असताना मला धारबांदोड्याची एक बाई आठवली.

एप्रिल २०१० मध्ये जनगणनेच्या घरयादीचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना चालू होता. ऊसतोडीची माणसं बाहेरून येत आणि शेतांच्या कडेला कोप्या बांधून राहत. बांबू वाकवून वर पाचट आणि प्लास्टिक घातलेल्या, अशाच गोल पाठीच्या. तोड संपत आली होती, तरी काही कोप्या अजून होत्या. तक्त्यात भिंतीचं साहित्य एका रकान्यात आणि छपराचं दुसऱ्या. मी विचारलं, "भिंत कशाची? छप्पर कशाचं?" ती हसून म्हणाली, "भाऊ, भिंत कुठं सरती न छप्पर कुठं लागतं, ते तुमीच बगून लिवा."

मी दोन्हीकडे एकच आकडा टाकला. तिथवर ठीक होतं. पुढचा रकाना घराच्या स्थितीचा. चांगलं असेल तर एक, राहण्याजोगं असेल तर दोन, मोडकळीला आलेलं असेल तर तीन. मी तिला न विचारता तीन लिहिलं आणि पुढे गेलो. आत कमानीला झोळी टांगलेली होती आणि तीत मूल झोपलं होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोटचं पोर ज्या कमानीला ती टांगते, तिच्या मजबुतीबद्दल तिला शंका असेल का? शंका मला होती. कारण माझ्या मनातलं घर चौकोनी होतं.

गंमत म्हणजे, ज्याला आपण 'बंगला' म्हणतो तो शब्द बंगालच्या झोपडीवरून आला. तिथल्या बांबूच्या छपराची वाकलेली कड विष्णुपूरच्या मंदिरांनी विटांत उचलली, मोगलांनी संगमरवरात. झोपडीच्या नावाने साहेबांची घरं ओळखली जाऊ लागली आणि झोपडी मात्र तिसऱ्या आकड्यातच राहिली.

कोपीतलं जिणं सुखाचं असतं असं मला म्हणायचं नाही. पाणी नाही, संडास नाही, दाराला कडी नाही. ते दुःख खरं आहे आणि ते मांडायला तक्त्यात वेगळे रकाने होते. पण ते दुःख बांधणाऱ्या हातांच्या कसबावर ढकलणं, ही माझी चूक होती.

२०२१ची जनगणना लांबली, ती आता २०२७ची म्हणून व्हायची आहे. काम पुन्हा माझ्याकडे आलं, तर तो रकाना भरण्याआधी घरातल्या माणसाला विचारीन. आणि त्याची हरकत नसेल, तर एकदा लटकून बघीन.