तुझं किती आलं?

बारावीच्या बोर्डाच्या फिजिक्समध्ये पृथ्वीचा मुक्तिवेग काढायचा होता. माझा आला सेकंदाला 11.2 किलोमीटर, पुढच्या बाकावरच्या मित्राचा 11.3. भोसरीत आळंदीच्या बसमध्ये चढलो तिथे वाद सुरू झाला. मॅगझीन चौक गेला, चऱ्होली फाटा आला, उतरून गावाकडे चालायला लागलो, तरी मिटेना. पुस्तकात 11.2 छापलंय, हा माझा हुकमाचा पत्ता. पुस्तक राहू दे, पायऱ्या बघ, हे त्याचं म्हणणं. पायऱ्या खरंच बिनचूक होत्या. पृथ्वीची त्रिज्या दोघांनीही 6400 किलोमीटर धरली होती. फक्त गुरुत्वत्वरणाची, म्हणजे ‘जी’ची, किंमत मी 9.8 घेतली आणि त्यानं हिशेब सोपा जावा म्हणून 10. त्या दोन दशांशांनी आम्हाला घरापर्यंत भांडायला लावलं.

कॅल्क्युलेटरला बंदी होती. बाकावर लॉग टेबल असायचं, आणि ते पाहायची प्रत्येकाची आपली तऱ्हा. कुणी शेवटचा मीन डिफरन्सचा रकाना मिळवायचा, कुणी कंटाळून सोडून द्यायचा. त्यामुळे पेपर सुटल्यावर एकाचं 2.361, दुसऱ्याचं 2.364, तिसऱ्याचं सरळ 2.4. ‘लॉगमुळे असेल’ एवढं म्हटलं की तिघेही सुखी. पेपर तपासणारेही या फरकाकडे उदारपणे बघतात, असं सर सांगायचे. भीती असायची ती वेगळ्याच उत्तराची. आपलं 2.3 आणि बाकी सगळ्यांचं 23 निघालं की पोटात गोळा यायचा. मग माणूस आपल्यासारखं उत्तर आलेला आणखी एक जण शोधत फिरायचा. तो सापडला की हायसं वाटायचं, मग तो वर्गातला सगळ्यात कच्चा मुलगा का असेना!

पेपरानंतरच्या घोळक्यात ‘माझा पेपर एकदम बेकार गेला’ म्हणणारा एक जण हमखास असतो. निकालाच्या दिवशी पेढे त्याच्याच घरून येतात. या जातीवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही.

1997 साली आमची चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, तोवर मी भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला चिकटलो होतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हाताळलेला मायक्रोमीटर तिथे पुन्हा हातात आला, आणि त्याच्याबरोबर तोच जुना प्रश्न: तुझं किती आलं? आमच्याकडून शाफ्ट ‘ओके’ होऊन चाकणला जायचे आणि तिकडून ‘ओव्हरसाइज’ म्हणून परत यायचे. किंवा उलट, आमचाच ऑपरेटर मशीनवरून काढल्या काढल्या मोजायचा, त्याला जास्त भरायचं. तासाभरानं मी मोजला की बरोबर बसायचा. तो म्हणायचा, साहेब, तुमचा हात जड आहे, दाबून मोजता. मी म्हणायचो, तुझा शाफ्ट गरम आहे.

दोन्ही शक्य होतं. लांबी-रुंदीच्या मापांसाठी जगभर 20 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात, आणि आमचा शॉप एप्रिलमध्ये 35 च्या खाली यायचा नाही. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे 50 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट पंधरा अंशांच्या फरकानं साडेआठ मायक्रॉनच्या वर फुगला. टॉलरन्सच दहा मायक्रॉनचा असेल तर संपलंच! पुढे गाड्यांच्या कंपन्यांनी सप्लायरांकडे ‘गेज आर अँड आर’ मागायला सुरुवात केली. तेच दहा नग, तीन माणसं, प्रत्येकानं आधीचं रीडिंग न बघता पुन्हा पुन्हा मोजायचे, आणि मोजण्यातलीच तफावत किती ते काढायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, तिसाच्या वर गेली तर पद्धतच बाद. म्हणजे चऱ्होली फाट्यावरचा तो वाद कुणीतरी तक्त्यात बसवला होता. फरक यायचाच हे इथे आधीच मान्य होतं. तो कुठून आला एवढंच शोधायचं, आणि या कामात मला बोर्डाच्या पेपरापेक्षा जास्त फिजिक्स भेटलं.

मग मुलगी बारावीला आली. तिची एमएचटी-सीईटी संगणकावर: फिजिक्सचे पन्नास प्रश्न, एकेका मार्काचे, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. तिची मैत्रीण त्याच सोसायटीतली, पण एकीची सकाळची शिफ्ट, दुसरीची दुपारची. पेपरच वेगळे. संध्याकाळी दोघी खाली भेटल्या आणि जुळवायला काहीच नव्हतं. ‘तुला सोपा गेला का?’ एवढंच. सोपा गेला तरी पंचाईत, कारण पर्सेंटाइल त्या त्या शिफ्टमधल्या मुलांमध्ये ठरतं. पेपर सगळ्यांनाच सोपा गेला असेल तर आपल्या सोपेपणाला किंमत नाही. आम्ही बसमध्ये भांडायचो तेव्हा मित्राचं उत्तर चुकलं म्हणून माझा मार्क वाढत नव्हता.

सगळ्यात मोठी जुळवाजुळव 2024 च्या नीटनंतर झाली, आणि तीही सर्वोच्च न्यायालयात. फिजिक्सच्या एका प्रश्नात दोन विधानं होती. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिलं. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात, हे दुसरं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ‘प्रत्येक’ होतं, नव्यात ‘बहुतेक’. किरणोत्सारी अणू स्थिर नसतातच, त्यामुळे नवंच बरोबर. पण घरातलं जुनं पुस्तक वाचून आलेल्यांचं काय, म्हणून परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं ‘दोन्ही विधानं बरोबर’ आणि ‘फक्त पहिलं बरोबर’ अशा दोन्ही पर्यायांना मार्क दिले. चार लाखांहून अधिक मुलांना त्याचा लाभ झाला. 22 जुलैला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं आयआयटी दिल्लीला तीन तज्ज्ञ नेमायला सांगितले. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: ‘फक्त पहिलं बरोबर’ हा चौथा पर्यायच बरोबर. जुन्या पुस्तकवाल्यांचे चार मार्क गेले आणि चुकीचा एक वजा, मिळून पाच. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांची यादी 61 वरून 17 वर आली.

न्यायालयाचं बरोबरच होतं, निसर्गात दोन उत्तरं नसतात. तरी ते जुनं पुस्तक मोठ्या भावाकडून मिळालेल्या मुलांची बाजू मला कळते. मीही 11.2 छापलंय म्हणूनच भांडत होतो.

आता धाकटा अकरावीत आहे. त्याच्या क्लासच्या सराव पेपरातलं एक गणित परवा जेवणानंतर आमच्यात अडकलं. छताला दोरी, खाली वजन टांगलेलं, दोरीवरच्या तरंगाचा वेग काढा. मी खालच्या वजनावरून ताण काढून वेग लिहिला, तो पर्यायांत होता. त्याचाही पर्यायांत होता, पण वेगळा.

‘पप्पा, वरच्या टोकाला दोरीचंही वजन येतं ना? ते का नाही धरलंत?’

‘धरायला सांगितलंय का?’

‘सोडायला तरी कुठे सांगितलंय?’

त्याची ताई आतून ओरडली, दोरीचं वस्तुमान दिलंय का ते आधी बघा. दिलं होतं. पण कुठल्या टोकाचा वेग, ते मात्र दिलं नव्हतं.