ता. क.

लिहायला का आवडतं असं कुणी विचारलं की मी वाचलेल्या लेखकांची नावं सांगते. लोकांना ती पटतातही. पण त्या सगळ्यांच्या आधीचं देणं पालीतल्या एका बाईचं आहे, जी कागदावर सहीऐवजी अंगठा उठवायची.

बल्लाळेश्वराच्या देवळामागच्या आळीत माई आमच्या शेजारी राहायची. पोह्याचे पापड लाटून देवळाजवळच्या दुकानांत द्यायची. मुलगा लालबागला, गिरणीत. माझं अक्षर बरं म्हणून चौथीत असल्यापासून तिची पत्रं मी लिहू लागले. 15 पैशांचं कार्ड. एक बाजू पूर्ण आणि पत्त्याच्या बाजूची अर्धी, तेवढीच जागा. मोबदला म्हणजे पापडाच्या पिठाची लाटी, वर तेलाची धार. माझं पहिलं मानधन ते. पुढची काही मानधनं इतकी वेळेवर आली नाहीत.

शाळेत शिकवलेला मायना तिला चालायचा नाही. 'येथील सर्व मंडळी कुशल आहेत' असं वाचून दाखवलं की म्हणायची, "हे कोण बोलतंय? मी नाही असं बोलले." खाडाखोड केली तर कार्ड वाया, नवं घ्यायचं तर पुन्हा 15 पैसे. म्हणून ती सांगायची, मी ओळ मनात जुळवून म्हणून दाखवायची आणि तिने मान हलवली की मगच पेन टेकवायची. म्हैस व्यायली हे दोन शब्दांत आटपायचं. मुलगा रात्री कुठे जेवतो, यावर मात्र चार ओळी. आणि खरं जे सांगायचं, ते 'तुझी आई' लिहून झाल्यावर तिला आठवायचं. मग पत्त्याच्या कडेने बारीक अक्षरात 'ता. क.' मुलाखत संपवून वही मिटल्यावरही मी लगेच उठत नाही, ती सवय तिथली.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डर थांबली आणि तिच्या कुपनावर तो लिहायचा त्या दोन ओळीही थांबल्या. पावसाळ्यात माईने सांगितलं, "लिही, पैशांची काळजी करू नको. पापड चांगले खपतायत." तिच्या ओटीवर भरलेले डबे तसेच पडून होते.

"माई, हे खोटं आहे."

"खोटं कशाला? आत्ता नाही तर गणपतीत खपतील. तू लिही."

मी लिहिलं. संप कधी मिटलाच नाही. मुलगा पुढे कुठेतरी वॉचमन म्हणून लागला.

24 जुलै 1989 ला अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं. माईचं माहेर तिथलं. मी तोवर कॉलेजात गेले होते, चार पुस्तकं वाचली होती, आणि कार्डावर सवयीने पहिलीच ओळ जुळवली, 'पुराने हाहाकार माजवला'. म्हणून दाखवली. तिने मान हलवली नाही.

"ते नको. नुसती नावं लिही. कोण आहे ते आधी, कोण नाही ते मागनं."

ती एकेक नाव सांगत गेली. मधे बराच वेळ थांबली, पण मी पुढचं विचारलं नाही. त्या दिवशी तिने ता. क. सांगितलं नाही. लिहिताना आजही एखादं जड विशेषण हातात येतं तेव्हा माई मान हलवत नाही, आणि बहुतेक वेळा ते जातं.

ती गेली तेव्हा तेराव्याला मी पालीला गेले होते. जेवणं उरकल्यावर तिचा मुलगा ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "आईची सगळी कार्डं ट्रंकेत आहेत. अक्षर तुझंच ना?" मी हो म्हटलं. तो थोडा वेळ सुपारी कातरत राहिला.

"संपाच्या साली पापड खरंच खपत होते का गं?"

"खपत होते, दादा," मी म्हटलं. "गणपतीत."