समुपदेशकाच्या खोलीतली जात

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात 'सांस्कृतिक विविधता' हा विषय बहुधा वर्षाच्या शेवटी, उरलेल्या तासिकांत उरकला जातो. विद्यार्थ्यांच्या हाती एक तक्ता पडतो: मुस्लिम कुटुंबात अमुक असतं, आदिवासी समाजात तमुक असतं, समलिंगी व्यक्तीशी बोलताना हे टाळा. तक्ता पाठ झाला की सांस्कृतिक सक्षमता आली, असं सगळे धरून चालतात. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. समोरच्याच्या समाजाची माहिती असणं हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, आणि एकटी माहिती हाताशी धरून बसलं तर तिचा अपायही होतो. आपल्या दोघांत जे सामाजिक अंतर आहे, त्याविषयी त्या माणसाला या खोलीत निर्धास्त बोलता येतं का, ही खरी कसोटी. तिचा निकाल समुपदेशकानं स्वतः लावायचा नसतो. तो समोर बसलेल्या माणसानं द्यायचा असतो.

हे केवळ माझं तत्त्व नाही, त्याला पुरावा आहे. 1992 मध्ये अमेरिकेत डेराल्ड विंग स्यू, पॅट्रिशिया अरेडोन्डो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी बहुसांस्कृतिक समुपदेशनाचे निकष मांडले. स्वतःच्या धारणांचं भान, समोरच्याच्या जगाचं आकलन आणि त्याला साजेशी कौशल्यं, असा त्यांचा गाभा होता. आपण त्यातलं मधलंच तेवढं उचललं, कारण परीक्षेत विचारायला ते सोयीचं. पुढे 2018 मध्ये सोटो आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. समुपदेशकांनी स्वतःच्या सांस्कृतिक सक्षमतेला दिलेले गुण आणि क्लायंटला पडलेला फरक यांचा संबंध त्यात जवळजवळ शून्य निघाला. क्लायंटनी दिलेल्या गुणांचा संबंध मात्र स्पष्ट दिसला. जेसी ओवेन यांच्या गटाचा 2014 चा अभ्यास आणखी अस्वस्थ करणारा आहे. वांशिक अल्पसंख्याक क्लायंटपैकी निम्म्याहून अधिक जणांना समुपदेशकाच्या बोलण्यात आपल्या वंशाविषयी काहीतरी खटकलं होतं, आणि त्यातल्या बहुसंख्यांच्या बाबतीत त्या विषयाची पुढे कधी चर्चाच झाली नाही. खटकलेलं गिळून माणसं परत जातात, आणि समुपदेशकाला वाटत राहतं की सत्र छान झालं.

महाराष्ट्रात हे अंतर बहुतेकदा जातीचं असतं. नोंदणीच्या फॉर्मवर आडनाव असतं, आणि त्यापाठोपाठ आपण सहज विचारतो, "मूळ गाव कुठलं?" विचारणाऱ्याला ती ओळख वाढवण्याची रीत वाटते; पण ज्याला शाळेपासून वसतिगृहापर्यंत हाच प्रश्न जात काढण्यासाठी विचारला गेला, तो तिथेच सावध होतो. समजा, राखीव जागेवर प्रवेश मिळालेला वैद्यकीय विद्यार्थी सांगतोय, "सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात." कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी समाजात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती चांगली रुजली, हे आपलं भाग्यच. पण त्या पद्धतीचं अर्धवट शिक्षण घेतलेला समुपदेशक इथे लगेच विचारेल, "याला पुरावा काय?" आणि दुसऱ्याच्या मनातलं परस्पर ताडण्याची सवय म्हणून ते वाक्य टिपून ठेवेल. पुरावा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची सुखदेव थोरात समितीनं चौकशी केली, आणि तिच्या 2007 च्या अहवालात भेदभावाची सविस्तर नोंद आहे. तेव्हा त्या मुलाचं निरीक्षण खोडून काढायचं नाही, ते मान्य करायचं. उलटतपासणी करायची ती त्यापुढे मनात उमटणाऱ्या वाक्याची: "म्हणजे मी कमी लायकीचा आहे." स्वतःचा विनाअट स्वीकार ही अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीतली मोठी गोष्ट इथेच कामी येते. पद्धत तीच आहे. ती कुठे लावायची हे कळायला समोरच्याचं जग खरं मानावं लागतं.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: दुःख सगळ्यांचं सारखंच, मग जात कशाला काढायची? दुःखाची जात नसेलही, पण त्याच्या कारणांना असते, आणि कारण चुकलं की उपायही चुकतो. जातीचा विषय क्लायंटवर लादावा असं मी म्हणत नाही. "घरी, कॉलेजात, कामावर जात, धर्म, भाषा यांवरून काही सोसावं लागलं असेल तर ते इथे बोलता येईल, बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा," एवढं पहिल्या भेटीत सांगणं पुरेसं आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मग ज्याच्या-त्याच्या समाजाचाच समुपदेशक का देऊ नये? मागणी असेल तर जरूर द्यावा, आणि या पेशात सर्व थरांतली माणसं यायलाच हवीत. पण काब्राल आणि स्मिथ यांच्या 2011 च्या विश्लेषणात आपल्याच वंशाचा समुपदेशक बऱ्याच जणांना हवासा वाटतो असं दिसलं, तरी उपचाराच्या फलितात त्यामुळे फारसा फरक पडलेला नव्हता. शिवाय लहान गावात आपल्याच समाजाचा समुपदेशक म्हणजे गोष्ट नात्यागोत्यात पसरण्याची धास्ती. घरच्यांपासून लैंगिक कल लपवून जगणाऱ्या तरुणाला तर परकाच माणूस सुरक्षित वाटू शकतो. भाषेचं मात्र वेगळं. ग्रिनर आणि स्मिथ यांच्या 2006 च्या विश्लेषणात क्लायंटच्या मातृभाषेतले उपचार इंग्रजीतल्या उपचारांपेक्षा सुमारे दुप्पट परिणामकारक ठरले होते. पुण्या-मुंबईतल्या इंग्रजीत चालणाऱ्या सत्रांनी याचा विचार करायला हवा.

म्हणून प्रशिक्षण संस्थांकडे माझी मागणी आहे की तक्ते बंद करा आणि प्रशिक्षणार्थीचं मूल्यमापन क्लायंटच्या अभिप्रायावर करा, प्रत्येक सत्राच्या अखेरीस "आज माझं काही खटकलं का?" हे विचारायची सवय लावा. आणि वाचकहो, तुम्ही समुपदेशकाकडे जात असाल आणि तुमच्या आडनावाविषयी, धर्माविषयी किंवा जोडीदाराविषयी त्यांचं एखादं वाक्य मनाला लागलं असेल, तर पुढच्या भेटीत ते जरूर बोलून दाखवा. ऐकून घेऊन त्यांनी विचारपूस केली, तर त्यांना सोडू नका. स्वतःचंच समर्थन करत बसले, तर दुसरा समुपदेशक शोधा.